सुट्टीच्या विमानात पाय मावतील का: सीट निवडण्याचा योग्य क्रम

दिवाळीची किंवा मे महिन्याची तिकिटं काढताना बहुतेक घरांत आधी भाडं बघतात, मग वेळ, मग सामान. पैसे भरायच्या पानावर सीटचा नकाशा आला की दिसेल ती, शक्यतो खिडकीची, सीट धरतात. मग उंच मुलाचे गुडघे चार तास पुढच्या खुर्चीला टेकलेले, आईचा आखडलेला गुडघा मधल्या सीटवर, आणि 'एक्स्ट्रा लेगरूम'चे जादा पैसे भरून मिळालेली सीट मागे न झुकणारी. यातलं बरंचसं टाळता येतं, पण त्यासाठी क्रम बदलावा लागतो. आधी आपलं माप, मग विमानाचा प्रकार, त्यानंतर रांग आणि सर्वांत शेवटी सीटचं अक्षर.

## १. घरी टेप घेऊन बसा

पाठ नसलेल्या स्टुलावर भिंतीला पाठ आणि कंबर पूर्ण टेकवून बसा. भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाला तरी टेपने मोजायला सांगा. स्वतः वाकून मोजलं तर कंबर पुढे सरकते आणि माप चुकतं. घरातल्या सगळ्यांत उंच माणसाचं माप तर घ्याच.

आता विमानाकडचा आकडा. विमान कंपन्या ज्याला सीट पिच म्हणतात, ते म्हणजे एका खुर्चीवरच्या एखाद्या ठिकाणापासून पुढच्या खुर्चीवरच्या त्याच ठिकाणापर्यंतचं अंतर. म्हणजे खुर्चीच्या पाठीची जाडीही त्यात आली. भारतातल्या स्वस्त विमानसेवांच्या छोट्या विमानांत हे अंतर साधारण २८ ते ३० इंच असतं. गुडघ्याच्या उंचीवर पातळ नव्या खुर्चीची पाठ अंदाजे दोन-तीन इंच खाते, जुनी गादीदार पाठ त्याहून जास्त. पिच २९ इंच असेल तर प्रत्यक्ष हातात सव्वीसच्या आसपास उरतात. तुमचं माप २३ आलं तर काळजी नको. २४-२५ आलं तर रांग जपून निवडा. २६ च्या पुढे असेल तर साध्या रांगेत गुडघे टेकणार हे धरूनच चाला आणि त्या एका माणसासाठी पैसे बाजूला ठेवा.

खांद्यांची रुंदीही मोजा. इकॉनॉमीची सीट १७ ते १८ इंच रुंद असते आणि अनेक प्रौढ पुरुषांचे खांदे त्याहून रुंद भरतात. असे दोघे शेजारी आले तर एकाला तरी आयल सीट, म्हणजे मार्गिकेलगतची सीट, हवीच.

सावध: 'लेगरूम ३० इंच' असं लिहिलेलं वाचून गुडघ्यापुढे ३० इंच मोकळी जागा मिळेल असं समजू नका. तो आकडा जवळपास नेहमी पिचचाच असतो.

कुणाचा कोणता गुडघा दुखतो, कुणाला वारंवार उठावं लागतं, कुणाला बाळ घेऊन बसायचंय, हेही कागदावर लिहून ठेवा. पाचव्या टप्प्यात ते लागेल.

## २. पैसे भरण्याआधी विमान ओळखा

बुकिंगच्या पानावर उड्डाणाच्या तपशिलात विमानाचा प्रकार दिलेला असतो, कधी पूर्ण नाव, कधी तीन अक्षरांचा कोड. नेहमी दिसणारे कोड असे:

- ३२०, ३२एन: एअरबस ए३२० आणि ए३२० निओ
- ३२१, ३२क्यू: एअरबस ए३२१ आणि ए३२१ निओ
- ७३८, ७एम८: बोइंग ७३७-८०० आणि ७३७ मॅक्स ८
- एटी७: पंख्याचं एटीआर ७२
- ७८८, ७८९: बोइंग ७८७, म्हणजे ड्रीमलायनर
- ७७डब्ल्यू: बोइंग ७७७-३००ईआर
- ३५९, ३८८: एअरबस ए३५० आणि ए३८०

कंपनीच्या नावावरून विमान ठरवू नका. एअर इंडिया एक्सप्रेसकडे ७३७ही आहेत आणि ए३२०ही. एमिरेट्सच्या मुंबई–दुबई फेऱ्यांपैकी काहींना ७७७ असतं, काहींना ए३८०. भाडं सारखंच असलं तरी ए३८० च्या इकॉनॉमीची सीट साधारण इंचभर रुंद असते.

प्रकार कळला की त्या विमानात एकूण खुर्च्या किती आहेत ते शोधा. मला विचाराल तर सगळ्यात कामाचा आकडा हाच. कारण विमानाची लांबी ठरलेली असते, खुर्च्या मात्र कंपनी ठरवते. ए३२० निओमध्ये इंडिगो १८० किंवा १८६ खुर्च्या बसवते. नव्याने आतून बदललेल्या एअर इंडियाच्या ए३२० निओत तीन वर्ग मिळून १६४ आहेत: बिझनेस ८, प्रीमियम इकॉनॉमी २४, इकॉनॉमी १३२. इंडिगोच्या ए३२१ निओत २२२ किंवा २३२. ७३७ मॅक्स ८ मध्ये १८९ पर्यंत खुर्च्या असतात, तर त्याच लांबीच्या ८-२०० या प्रकारात पंखांच्या मागे दरवाजांची आणखी एक जोडी देऊन १९७ पर्यंत बसवतात. अकासा एअरकडे हे दोन्ही प्रकार आहेत.

वाढलेली प्रत्येक खुर्ची पायांच्या जागेतूनच आली असं मात्र नाही. मागचं स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृहं आक्रसूनही एक रांग वाढवता येते. तरी एकाच प्रकारच्या दोन विमानांत एकाच वर्गाच्या खुर्च्यांत फरक दिसला, तर कमी आकड्याचं विमान आधी बघा.

तपासा: फ्लाइटरडार२४ या संकेतस्थळावर उड्डाण क्रमांक टाका आणि मागच्या आठवड्याभरात त्या फेरीला कोणतं विमान लागलं ते बघा. रोज एकच प्रकार दिसला तर निर्धास्त राहा. रोज बदलत असेल तर जादा पैशांची सीट घेण्याआधी थांबा.

सावध: तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्याच कंपनीकडून भाड्याने घेतलेलं, असंही असतं. इंडिगोने २०२३ पासून इस्तंबूलच्या फेऱ्यांना टर्किश एअरलाइन्सची ७७७ विमानं वापरली, आणि त्यांचा आतला आराखडा इंडिगोच्या नेहमीच्या विमानासारखा अजिबात नव्हता. तपशिलात 'ऑपरेटेड बाय'पुढे काय लिहिलंय ते वाचा.

## ३. विमानागणिक काय बदलतं

ए३२० आणि ७३७. गोवा, कोची, श्रीनगर, श्री विजयपुरम (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर), आणि पुण्या-मुंबईहून बँकॉक किंवा दुबई, हे सगळं बहुतेक याच दोन घराण्यांत होतं. दोन्हींत एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन अशी मांडणी. ए३२० आतून ३.७० मीटर रुंद आहे, ७३७ साधारण ३.५४ मीटर. म्हणून एअरबसची सीट १८ इंचांच्या जवळ जाते आणि ७३७ ची १७ च्या आसपास राहते. गोव्याच्या तासाभराच्या प्रवासात हा इंच जाणवणार नाही. बँकॉकच्या चार तासांत, तिघेही अंगाने भरलेले असतील तर, चांगलाच जाणवेल. दोन उड्डाणांचं भाडं आणि वेळ सारखी असेल तर रुंद बांध्याच्या लोकांनी ए३२० घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. उंच पण सडपातळ माणसाने मात्र रुंदी सोडून पिच बघावी.

७३७ मध्ये आणखी एक गोष्ट आहे. पंखाच्या थोडं पुढे, डाव्या बाजूला एखाद-दुसऱ्या रांगेला खिडकीच नसते, कारण भिंतीतून वातानुकूलनाची नळी वर गेलेली असते. नकाशावर ती सीट खिडकीची म्हणूनच दिसते. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या मुलासाठी सीट घेताना हे जरूर बघा.

ए३२१. हा ए३२० चाच लांब भाऊ. रुंदी तीच, प्रवासी जास्त, म्हणून चढायला-उतरायला वेळ लागतो. याच्या आपत्कालीन दरवाजांची जागा प्रत्येक आराखड्यात सारखी नसते, त्यामुळे 'बारावी-तेरावी रांग मोकळी असते' हा ए३२० वरचा ठोकताळा इथे लावू नका.

एटीआर ७२. गोव्याहून जळगावला आणि बेंगळुरूहून सिंधुदुर्गला फ्लाय९१ या विमान कंपनीची एटीआर उडाली. लक्षद्वीपच्या अगत्तीची धावपट्टी आखूड असल्याने तिथे मोठं जेट उतरू शकत नाही, एटीआरच जातं. दोन-दोनची मांडणी असल्यामुळे मधली सीट नाही, हे मोठं सुख. पिच मात्र ए३२० सारखीच. प्रवासी सहसा मागच्या दाराने चढतात, म्हणून उतरताना मागच्या रांगा आधी मोकळ्या होतात. जेटच्या सवयीने पैसे देऊन पुढची रांग घेणारे इथे शेवटी उतरतात. पंख्यांच्या आसपासच्या रांगांत आवाज आणि थरथर जास्त, मागे कमी. पंख छताच्या पातळीवर असल्यामुळे खाली बघायला बहुतेक खिडक्या मोकळ्या असतात, आणि अगत्तीला जाताना तर खिडकी सोडूच नये.

एटीआरचा वरचा कप्पा लहान असतो. चाकांची ट्रॉली त्यात मावत नाही, ती विमानाच्या दारातच घेतली जाते. औषधं, चार्जर, पॉवर बँक आधीच खांद्यावरच्या पिशवीत काढून ठेवा. ज्यांना अरुंद जिना चढायला त्रास होतो त्यांनी तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मदत मागून ठेवावी.

मोठी, दोन मार्गिकांची विमानं. युरोप, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेच्या सुट्टीत हीच. ७७७ मध्ये आता बहुतेक कंपन्या तीन-चार-तीन बसवतात, सीट १७ इंचांच्या आसपास. ७८७ मध्ये तीन-तीन-तीन, रुंदी जवळपास तेवढीच. ए३५० मध्येही तीन-तीन-तीन, पण किंचित ऐसपैस. ए३३० मध्ये दोन-चार-दोन आणि १८ इंचांच्या जवळची सीट, त्यामुळे दोघांनीच जायचं असेल तर कडेची जोडी उत्तम. चौघांच्या कुटुंबाला ७७७ ची मधली चार चांगली पडते, तिघांना ७८७.

अनेक ७७७ मध्ये शेपटीकडे विमान निमुळतं होतं आणि शेवटच्या काही रांगांत कडेला तीनऐवजी दोनच खुर्च्या असतात. खिडकीशेजारी हातभर मोकळी जागाही मिळते. स्वच्छतागृहाची वर्दळ चालणार असेल तर जोडप्याने ही जागा जरूर शोधावी.

## ४. रांग निवडा

आपत्कालीन दरवाजाची रांग. पायांना सर्वांत जास्त जागा इथेच. पण ए३२० मध्ये अशा दोन रांगा एकामागे एक असतात आणि त्यातल्या पुढच्या रांगेची पाठ झुकत नाही, कारण मागची वाट मोकळी राहायला हवी. तिच्याही पुढची साधी रांग तशीच ताठ. दोन्हींपैकी मागची मिळाली तर तीच घ्या. लहान मुलं, गर्भवती, सोबत बाळ असलेले, पट्ट्याला जोडपट्टी लागणारे आणि दार उचलायची ताकद किंवा हालचाल नसलेले इथे बसू शकत नाहीत. म्हणजे गुडघेदुखीच्या आजीला आराम पडावा म्हणून ही सीट घेतली तर क्रू तिला उठवणारच. तिकिटाच्या वेळी सिस्टीमने सीट दिली म्हणून ती टिकेल असं नाही. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पायाशी पर्सही ठेवता येत नाही.

पहिली, भिंतीमागची रांग. गुडघ्यांना मोकळीक, पण पाय लांब करायला समोरच्या खुर्चीखालची जागा नाही. खूप उंच माणसाचे तळवे भिंतीला लागतात. ट्रे खुर्चीच्या हातात दडवलेला असल्याने तो हात वर उचलता येत नाही आणि सीट थोडी अरुंद होते. मोठ्या विमानांत बाळाचा पाळणा याच भिंतीला लावतात. बाळ घेऊन जाणाऱ्यांनी तो विमान कंपनीकडे आधीच मागून घ्यावा. शांत झोप हवी असलेल्यांनी ही रांग टाळावी.

शेवटची रांग. पाठ झुकत नाही किंवा नावापुरती झुकते, मागे स्वच्छतागृह. जेटमध्ये सर्वांत शेवटी उतरणं. फुकट मिळते म्हणून दोन तासांपुढच्या प्रवासाला घेऊ नका.

मोठ्या विमानांतला डबा. समोर व्हिडिओचा पडदा (स्क्रीन) असलेल्या काही सीटांखाली त्याच्या यंत्रणेची पेटी असते आणि एक पाय त्यामुळे सरळ होत नाही. एरोलोपासारख्या प्रमाणबद्ध नकाशांच्या संकेतस्थळावर विमानाचा नेमका आराखडा बघा.

सावध: सीटच्या रंगीत शिफारसी देणारे जुने नकाशे इंटरनेटवर अजून फिरतात. तुमच्या विमानाची एकूण खुर्चीसंख्या त्या नकाशाशी जुळली नाही, तर नकाशा सोडून द्या.

## ५. अक्षर ठरवा, आणि घर एका पीएनआरवर ठेवा

तीन-तीनच्या विमानात ए आणि एफ खिडकी, सी आणि डी आयल. सी वर बसलात तर मार्गिका उजव्या हाताला येते, डी वर डाव्या. म्हणून उजवा गुडघा आखडतो त्याला सी, डावा आखडतो त्याला डी. पाय मधूनमधून मार्गिकेत सरळ करता येतो. ट्रॉली येताना तेवढा आत घ्यायचा. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी जादा लेगरूमच्या महागड्या सीटपेक्षा ही साधी निवड अनेकदा जास्त उपयोगी पडते, आणि याचा विचार फार कमी लोक करतात.

चौघांसाठी ए, बी, सी आणि त्याच रांगेतली डी धरा. एक पालक मुलांसोबत, दुसरा मार्गिकेपलीकडे. दोन बाळं असलेली दोन कुटुंबं मात्र एका रांगेत एकाच बाजूला बसवली जात नाहीत, कारण तीन सीटांच्या वर जादा ऑक्सिजन मास्क एकच असतो.

बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या किमान एका पालकाशेजारी किंवा सांभाळणाऱ्याशेजारी सीट द्यावी, असं विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएने २०२४ मध्ये विमान कंपन्यांना सांगितलं आहे. यातला 'त्याच पीएनआरवरच्या' हा भाग लोक विसरतात. सवलतीच्या नादात आईचं तिकीट एका कार्डावर आणि मुलाचं दुसऱ्या कार्डावर वेगळं काढलं की दोन पीएनआर होतात, आणि मग काउंटरवर विनवण्या कराव्या लागतात.

ग्रुप टूरने जाणार असाल तर तिकीट टूर कंपनीच्या गटाच्या बुकिंगमध्ये असतं आणि सीट अनेकदा विमानतळावरच वाटल्या जातात. पूर्ण पैसे भरण्याआधी विचारा: विमान कोणतं, सीट आपल्याला निवडता येईल का, आणि जादा पैसे भरून नक्की करता येईल का. उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

## ६. वेब चेक-इनच्या दिवशी पुन्हा बघा

देशांतर्गत उड्डाणांना बहुतेक कंपन्यांचं वेब चेक-इन ४८ तास आधी उघडतं, परदेशी उड्डाणांना काहींचं २४ तास आधी. आपल्या कंपनीची वेळ मोबाइलवर अलार्म लावून ठेवा.

उघडल्यावर आधी विमानाचा प्रकार परत बघा. बदलला असेल तर तुमची 'बारावी रांग' आता साधी रांग असू शकते. सीट क्रमांक तोच राहतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. ताबडतोब कस्टमर केअरला कळवा आणि तशी सीट किंवा सीटचे पैसे परत मागा. पैसे भरल्याची पावती आणि मूळ नकाशाचा स्क्रीनशॉट हाताशी हवा, म्हणून तो बुकिंगच्या दिवशीच काढून ठेवायचा.

पैसे न भरता सीट हवी असेल तर विमानात किती जागा रिकाम्या आहेत त्यावर ठरवा. नकाशा अर्धा रिकामा असेल तर सिस्टीमने दिलेली सीट घेऊन विमानतळावर विचारायला हरकत नाही. लाँग वीकएंडला असा जुगार खेळू नका.

## ७. बसल्यावर पहिली पाच मिनिटं

समोरच्या खिशातलं जाड मासिक आणि पाण्याची बाटली काढा. गुडघ्याशी तेवढीच बोटभर जागा वाढते. मोठी बॅग वरच्या कप्प्यात टाका. पायाशी ठेवलेली बॅग म्हणजे विकत घेतलेली लेगरूम परत देणं.

आयल सीटचा बाहेरचा हात उचलला जात नाही असं वाटतं, पण अनेक खुर्च्यांत बिजागरीजवळ खालच्या बाजूला बोटाने चाचपडलं तर एक छोटी कळ लागते. ती दाबून हात वर करा. गुडघे न वळणाऱ्या माणसाला बाजूने सरळ बसता-उठता येतं. उड्डाणाच्या वेळी मात्र तो खाली हवा.

चार तासांपुढच्या प्रवासात दर तासाला घोटे फिरवा, जमेल तेव्हा उठून चाला. आधी कधी पायात रक्ताची गुठळी झालेल्यांनी, किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

दारं बंद झाल्यावर रिकामी रांग दिसली तरी आधी क्रूला विचारा. एटीआरसारख्या लहान विमानात प्रवासी कुठे बसलेत यावर विमानाचा तोल मोजलेला असतो, त्यामुळे परवानगीशिवाय हलायचंच नाही.

खुर्चीची पाठ अडकली असेल, ट्रे तुटला असेल किंवा पैसे भरलेली सीट दुसऱ्याला दिली असेल, तर दारं बंद होण्याआधीच सांगा. नंतर क्रूला फारसं काही करता येत नाही. सीट बदलून मिळाली नाही तर फोटो काढा, क्रूला नोंद करायला सांगा आणि उतरल्यावर बोर्डिंग पासच्या फोटोसह पैसे परत मागणारा ईमेल पाठवा. त्या ईमेलमध्ये पीएनआर, तारीख, सीट क्रमांक आणि सीटसाठी वेगळी भरलेली रक्कम, एवढं लिहिलं की पुरे.